निवडणे : खडे निवडायचे की तांदूळ?

मधली_सुट्टी

परवा भाची आली होती सुट्टीला, वय वर्षं दहा, घरात मराठी बोलते पण शाळा इंग्रजी. मी कामात होते म्हणून तिला ताट दिलं हातात आणि म्हटलं बाळा एवढे तांदूळ निवडून ठेव. पाच मिनिटांनी जाऊन बघते तर ताटाच्या कडेला मोजून वीसेक अख्खे, लांबसडक, एकसारखे दाणे रांगेत मांडलेले आणि ती म्हणते "मावशी हे मी निवडले, बाकीचे एवढे छान नाहीयेत."

मी आधी हसले आणि मग तिला समजवायला गेले की अगं निवडायचे म्हणजे खडे काढून टाकायचे, तर तिचा प्रश्न, "मग खडे निवड म्हणायचं ना, तांदूळ निवड का म्हणालीस?" आणि मी गप्प. कारण आपण खडेही निवडतो की! "गव्हातले खडे निवडले का?" असं सर्रास म्हणतो. म्हणजे एकाच क्रियापदाला कर्म म्हणून टाकायची वस्तू पण चालते, ठेवायची वस्तू पण चालते आणि दोन्हीचा मिळून जो ढीग असतो तो पण चालतो. साडी निवडली म्हणजे घेतली. खडा निवडला म्हणजे फेकला. आणि तांदूळ निवडले म्हणजे... तांदूळ आहेत तिथेच आहेत, उलट खडे गेले.

कोशात बघितलं तर वेगवेगळे अर्थ एकाखाली एक दिलेत, पण ते एकमेकांना कसे जोडलेत ते कळत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा. मूळ शब्द कुठला, आधीचा अर्थ कुठला, आणि "निवडून येणे" मध्ये नक्की कोण काय करतं हेही कुणी सांगितलं तर बरं, कारण तो माझा जुना किडा आहे.

बोरकूट

मेथी निवडताना आणि तांदूळ निवडताना हाताचं काम बरोब्बर उलटं असतं हे कधी लक्षात आलंय का? तांदळात आपण वाईट ते उचलतो, चांगलं ताटात राहतं. मेथीत चांगलं ते खुडून घेतो आणि काड्या पेपरवर राहतात. तरी दोन्हीला निवडणेच. म्हणजे शब्दाला कोण उचललं जातंय याच्याशी देणंघेणं नाही. वेगळं झालं की झालं.

बाकी भाची हुशार आहे.

टिकोजी

निवडणूक, फसवणूक, पिळवणूक, अडवणूक, मिरवणूक, करमणूक. सगळ्यांचा प्रत्यय एकच. ज्याने मराठी भाषा घडवली त्याला सगळं माहीत होतं. हलके घ्या.

जुनापुराणा

टिकोजी, हा विनोद येणार हे धागा उघडतानाच माहीत होतं, फक्त दुसऱ्याच प्रतिसादात येईल असं वाटलं नव्हतं. त्याच प्रत्ययाने वागणूक, नेमणूक, गुंतवणूक, सोडवणूक पण होतात, त्यामुळे णूक बिचारा निर्दोष आहे. क्रियापदाचं नाम करणं एवढंच त्याचं काम.

आता मूळ प्रश्न. मधली_सुट्टी ताई, तुमची भाची व्याकरणात चूक असेल पण परंपरेत नाही. तुकोबांच्या एका अभंगाची सुरुवातच "निवडावे खडे । तरी दळण वोजें घडे" अशी आहे. वोजें म्हणजे नीट. म्हणजे साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी देहूत खडे निवडले जात होते, तुमच्या घरच्यासारखेच.

त्याच्याही मागे जाऊ. ज्ञानेश्वरी, शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०. दुसऱ्या अध्यायात सत् आणि असत् वेगळं कसं ओळखायचं हे चाललंय तिथे ही ओवी येते:

सलिलीं पय जैसें । एक होऊनि मीनलें असे ।
परी निवडूनि राजहंसें । वेगळें कीजे ॥

पाण्यात दूध मिसळून एक झालंय आणि राजहंस ते निवडून वेगळं करतो. आता इथे हंसाने दूध "पसंत" केलं असा अर्थ लावून बघा, ओवीची वाट लागते. निवडणे म्हणजे एकत्र झालेलं सुटं करणे. आणि लगेच पुढची ओवी सोन्याची, "कीं अग्निमुखें किडाळ । तोडोनियां चोखाळ । निवडिती केवळ । बुद्धिमंत". सोनं तापवून हीण काढून चोख तेवढं निवडतात. त्यापुढे ताक घुसळून लोणी येतं, मग भूस आणि दाणे एकत्र असतात ते उपणून फोल उडतं. चार ओव्या, चार दृष्टांत, सगळे एकाच गोष्टीचे, मिश्रण फोडायचं. माऊलींनी निवडणे हा शब्द कुठल्या घरात ठेवलाय ते त्याच्या शेजाऱ्यांवरून कळतं.

आता त्याही मागे. हेमचंद्र, बाराव्या शतकातला गुजरातेतला जैन आचार्य, त्याच्या सिद्धहेमशब्दानुशासनाचा आठवा अध्याय प्राकृत व्याकरणाचा आहे. त्यात एक छोटंसं सूत्र आहे, "पृथक्स्पष्टे णिव्वडः". अर्थ असा की संस्कृतात जिथे "भू" म्हणजे होणे हा धातू वापरतात तिथे "वेगळं होणे" किंवा "स्पष्ट होणे" असा अर्थ असेल तर प्राकृतात "णिव्वड" येतं. णिव्वडइ म्हणजे वेगळा होतो, स्पष्ट होतो.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या होत्या. कारण त्या दोन शब्दांत आपला अख्खा निवडणे आहे. पृथक् आणि स्पष्ट. वेगळं झालं की स्पष्ट होतं. आवडीनिवडीचा, पसंतीचा त्यात मागमूस नाही.

शब्दाच्या सुरुवातीचा ण मराठीत न होतो, दोन व चा एक व होतो, णिव्वडचा निवड. सरळ रस्ता आहे.

सावली

जुनापुराणा काका दंडवत. पण मग संस्कृतात मूळ काय? निर् + वृत् का? की निर् + वट? आणि निवळणे पण यातलंच का, कारण पाणी निवळतं तेव्हाही गाळ वेगळा होऊन स्पष्टच होतं की. ड आणि ळ ची अदलाबदल तर आपल्याकडे होतेच.

जुनापुराणा

सावली, निवळणे वेगळं. ते निर्मळचं. म चा व होणं हा मराठीचा जुना खाक्या, ग्रामचं गाव, नामचं नाव, तसं निर्मलचं निवळ. त्यावरून निवळणे. पाणी निवळायला जी निवळीची बी उगाळून घालायचे ती पण तिथलीच. अर्थ जवळ आल्याने भाऊ वाटतात, पण आईबाप निराळे.

आणि निवणे हा तिसराच. तापलेलं निवणे, विझणे, ते निर् + वा, म्हणजे निर्वाणाच्या घरातलं. चहा निवला म्हणताना आपण बुद्धाच्या शब्दाचं चुलत भावंड वापरतोय हे लक्षात ठेवून प्यावा.

संस्कृत मुळाबद्दल, हेमचंद्राने णिव्वडला कुठल्या संस्कृत शब्दातून काढलेलं नाही हे महत्त्वाचं. तो आदेश म्हणून देतो, म्हणजे अमक्याच्या जागी हे वापरा. प्राकृत वैयाकरण जे धातू संस्कृतातून थेट बसत नव्हते त्यांची अशी सोय लावायचे. नंतर अभ्यासकांनी निर् + वृत् कडे बोट दाखवलंय, "बाहेर पडणे, सिद्ध होणे" या अर्थाने ते जुळतं. पण मला विचारशील तर प्रत्येक मराठी शब्दाची संस्कृत जन्मपत्रिका काढल्याशिवाय त्याचं लग्न लागत नाही ही आपली सवय आहे, णिव्वडपर्यंत पोचलो हेच भरपूर झालं.

उंधियू

माझं सासर गुजराती. गुजरातीत "नीवडवुं" आहे आणि त्याचा अर्थ निवडणे नाहीये! त्याचा अर्थ ठरणे, निघणे, सिद्ध होणे. म्हणजे "औषध उपयोगी नीवड्युं" म्हणजे औषध उपयोगी ठरलं. मुरलेल्या कलाकाराला "नीवडेलो कलाकार" म्हणतात. लग्नानंतर पहिल्या वर्षी सासूबाई कुणाबद्दल तरी म्हणाल्या की तो नीवडेलो माणूस आहे, मला वाटलं निवडून आलेला आहे, नगरसेवक वगैरे, मी पुढचा अर्धा तास त्या काकांशी फार अदबीने बोलत होते आणि ते रिटायर्ड तबलजी निघाले.

निवेडो पण आहे, निकाल किंवा तोडगा. आपला निवाडा.

मधली_सुट्टी

उंधियू, तबलजी! :)

पण हे भारी आहे, म्हणजे गुजरातीने हेमचंद्राचा अर्थ जपला, आपोआप स्पष्ट होणे, सिद्ध होणे, आणि मराठीत तो कुणीतरी करायचं काम झाला. अकर्मक होतं ते सकर्मक झालं. बरोबर ना काका?

आणि आता माझा जुना किडा बाहेर काढते. "निवडून येणे". नीट बघा. मराठीत ऊन लावलं की ते काम आणि पुढचं काम एकाच माणसाने केलेलं असतं. "तो जेवून आला", जेवला पण तोच, आला पण तोच. "ती सांगून गेली", सांगितलं तिने, गेली ती. मग "तो निवडून आला" मध्ये निवडलं कुणी? मतदारांनी. आला कोण? तो. कर्ताच बदलला! नियमाप्रमाणे हे वाक्य चुकीचं हवं.

माझी थिअरी अशी की इथे जुना अकर्मक निवडणे जिवंत राहिलाय. निवडून आला म्हणजे त्याला कुणी निवडलं असं नाही, तर तो स्वतः "णिव्वडून" आला, गर्दीतून वेगळा होऊन, स्पष्ट होऊन वर आला. दिसून आलं, घडून आलं, कळून आलं तसंच. आठशे वर्षांपूर्वीचा अर्थ दर पाच वर्षांनी पेपरात पहिल्या पानावर छापून येतो आणि कुणाला पत्ता नाही!

सावली

अफाट आहे हे. वाचनखूण साठवली.

बोरकूट

+१. हे तर लेख व्हायला पाहिजे.

खटपट्या

थांबा थांबा, एवढ्यात हार घालू नका.

मधली_सुट्टी, थिअरी गोड आहे, पण तुम्हीच तुमच्या शेवटच्या वाक्यात तिला खड्ड्यात घातलंय. "पेपरात छापून येतो." छापलं कुणी? प्रेसने. आला कोण? अर्थ, बातमी, जे काय ते. इथेही कर्ता बदलला. आता छापणे काही तेराव्या शतकातलं अकर्मक क्रियापद नाही, निदान पेपर छापण्याच्या अर्थाने नाही.

अजून घ्या. ब्लाऊज शिवून आला. दळण दळून आलं. कपडे धुऊन आले. गाडी दुरुस्त होऊन आली हे सोडा, त्यात होऊन आहे, पण शिवून, दळून, धुऊन, रंगवून, बांधून (पुस्तक बांधून आलं), ही सगळी चोख सकर्मक क्रियापदं आहेत आणि सगळीकडे येणारा वेगळा, करणारा वेगळा. त्यामुळे निवडून येणे समजायला णिव्वडपर्यंत जायची गरज नाही, मराठीत हा साचाच आहे.

मधली_सुट्टी

हं.

छापून येतो हे मी खरंच न बघता लिहिलं होतं. घात झाला.

पण तरी, दिसून येणे, घडून येणे हा पण साचा आहेच ना, मग निवडून येणे या साच्यातलं की त्या साच्यातलं हे कसं ठरवायचं?

खटपट्या

ते ठरवायला सोपी परीक्षा आहे. जोडीदार बघा. शिवून येणेला "शिवून देणे" आहे. टेलर शिवून देतो, ब्लाऊज शिवून येतो. गिरणीवाला दळून देतो, पीठ दळून येतं. प्रेस छापून देते, पत्रिका छापून येते. देणे-येणे ची जोडी. करणारा देतो आणि झालेली वस्तू येते. आता "दिसून येणे" चं दिसून देणे करून बघा. घडून देणे? कळून देणे? होत नाही. घडवून आणणे, दाखवून देणे करावं लागतं, क्रियापदच बदलावं लागतं.

आणि निवडून? मतदार निवडून देतात, उमेदवार निवडून येतो. बसलं की नाही बरोबर टेलरच्या रांगेत.

तेव्हा मतदार म्हणजे गिरणीवाला आणि उमेदवार म्हणजे दळण. दळण वोजें घडायचं असेल तर काय करायचं ते तुकोबांनी सांगून ठेवलंय, वर काकांनी दिलंय.

टिकोजी

माझा विनोद काढून टाका, हा ठेवा.

जुनापुराणा

खटपटेराव, मानलं. देणे-येणेची परीक्षा अगदी कसोटीची काढलीत. मीही ताईंच्या बाजूने झुकलो होतो, मागे घेतो.

एक बारीक भर घालतो, मात्र त्याने ताईंची थिअरी परत उभी राहत नाही, फक्त तिला शेजारी खुर्ची मिळते. मराठीत पडणे-पाडणे, चढणे-चाढणे (आता चढवणे), गळणे-गाळणे, मरणे-मारणे अशा जोड्या आहेत. आपोआप होतं ते ऱ्हस्व, कुणी करतं ते दीर्घ. जुन्या भाषेत निवडणे आणि निवाडणे अशी जोडी होती. या हिशोबाने आपण आज जे करतो ते खरं तर निवाडणे. पुढे निवाडणे क्रियापद म्हणून मागे पडलं आणि त्याचं नाम तेवढं उरलं, निवाडा, आणि निवडणे दोन्ही कामं ओढायला लागलं. घरात एकच माणूस उरला की जसं होतं तसं.

काळा_कोट

निवाड्याचं नाव निघालं म्हणून आलो, नाहीतर मी फक्त वाचणारा.

आमच्याकडे निवाडा हा रोजचा शब्द आहे आणि तो न्यायनिर्णय या अर्थाने नाही. कोर्टाचा असतो तो निर्णय किंवा निकाल. निवाडा दोन ठिकाणी येतो. एक लवादाचा निवाडा, म्हणजे दोन पार्ट्यांनी कोर्टाबाहेर तिसऱ्याकडे भांडण नेलं आणि त्याने जे दिलं ते. दुसरं भूसंपादन. जमीन घेताना मोजणी होऊन कुणाची किती, कुणाला किती भरपाई हे जे शेवटी लिहून जाहीर करतात तो निवाडा. १८९४ चा कायदा होता तेव्हाही निवाडाच म्हणायचे, तो जाऊन २०१३ चा कायदा आला, १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला, तरी तलाठ्यापासून शेतकऱ्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी शब्द तोच.

आता वरची चर्चा वाचून असं वाटतंय की हा शब्द फार चपखल पडलाय, कारण भूसंपादनाच्या निवाड्यात कोण बरोबर कोण चूक हे नसतंच. सातबाऱ्यावर सात जणांची नावं एकत्र असतात, त्यातला कुणाचा हिस्सा कुठला हे सुटं करायचं असतं. दूध आणि पाणी, फक्त हंसाच्या जागी अधिकारी. आणि हंस कधीकधी तीन वर्षं लावतो.

पेशवाईतले कागद बघितलेत तर तिथे निवाडपत्र असतं, वतनाच्या भांडणाचं. तिथेही मुद्दा तोच, वतन कुणाचं हे स्पष्ट करणे.

सावली

काळा_कोट, लिहीत जा हो. "हंस कधीकधी तीन वर्षं लावतो" :)

मला या सगळ्यावरून आठवलं, विवेक शब्द पण असाच ना? वि + विच्, विच् म्हणजे वेगळं करणे. क्षीरनीरविवेक. विवेचन पण त्यातलंच. म्हणजे आपण विवेकी माणूस म्हणतो तेव्हा शब्दशः "निवडणारा" म्हणतोय. माऊलींनी गीतेवर लिहिताना विवेकाला मराठीत आणायचं तर निवडणे हाच शब्द हाताशी घेतला असणार, असं मला आपलं वाटतं.

आणि हे फक्त आपल्याकडेच नाहीये. ग्रीकमध्ये क्रिनेइन म्हणून क्रियापद आहे, अर्थ वेगळं करणे, मग निर्णय करणे, त्यावरून इंग्रजीतले क्रिटिक आणि क्रायसिस आले. जर्मनमध्ये शायडेन म्हणजे वेगळं होणे आणि एंटशायडेन म्हणजे ठरवणे. लॅटिनमध्ये चाळण्याच्या क्रियापदावरून डिसर्न आलं. जिथे तिथे माणसं आधी धान्य साफ करायला शिकली आणि मग न्याय करायला.

मात्र इलेक्ट, सिलेक्ट हे या गटातले नाहीत. ते लॅटिन लेगेरेवरून, त्याचा अर्थ वेचणे, गोळा करणे. म्हणजे इंग्रजीत उमेदवार वेचला जातो आणि मराठीत निवडला जातो. हिंदीत पण चुनना हे चि धातूवरून, चिनोति, गोळा करणे, रचणे. चुनाव म्हणजे वेचणूक. आपली एकट्याचीच निवडणूक.

बोरकूट

वेचणे आणि निवडणे मधला फरक माझ्या आजीने एका वाक्यात सांगितला असता. पसरलंय ते वेचायचं, मिसळलंय ते निवडायचं. फुलं वेचतो कारण ती अंगणात सुटीच पडलेली असतात, फक्त गोळा करायची. कापूस वेचतो. शेंगा वेचतो. पण त्या वेचलेल्या शेंगांमधून किडक्या काढायच्या तर ते निवडणे. पहिल्यात वाकावं लागतं, दुसऱ्यात बसावं लागतं. पहिल्यात कंबर जाते, दुसऱ्यात डोळे.

तसं बघितलं तर पुस्तकातला "वेचा" म्हणजे उतारा, तो वेचलेला, पण संग्रहाला नाव देताना "निवडक अमुकतमुक" देतात, कारण तिथे न घेतलेलं पण कुणीतरी वाचलेलं असतं.

आणि हो तुकोबांचं "जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी" यातला वेच हा खर्च बरं का, शाळेत असताना मी कित्येक वर्षं समजत होते की पैसे वेचून घ्या असं सांगतायत.

टिकोजी

बरेच लोक अजून तसंच समजतात.

पाऊलखुणा

धाग्याशी थोडं अवांतर आणि थोडं नाही. हल्ली एक नवीन निवडणे कानावर येतं आणि ते ऐकलं की माझ्या दातात खडा येतो. "मी शांत राहणं निवडलं." "तिने माफ करणं निवडलं." "मी आनंदी असणं निवडते." हे मराठी आहे का? आपण म्हणतो मी गप्प बसले. फार तर गप्प बसायचं ठरवलं. निवडायला समोर ढीग लागतो, मिसळलेलं काहीतरी लागतं. शांत राहणं आणि ओरडणं हे ताटात एकत्र पसरून ठेवलेलं असतं का?

खटपट्या

इंग्रजीतून उचललंय हे उघड आहे, पण इतकी चीडचीड कशाला. ठरवणे आणि निवडणे यात फरक आहेच आणि बोलणाऱ्याला तो हवा असतो. "गप्प बसायचं ठरवलं" मध्ये फक्त निश्चय दिसतो. "गप्प बसणं निवडलं" म्हणणाऱ्याला सांगायचं असतं की ओरडायचीही पूर्ण सोय होती आणि मी ती सोडली. दुसरा पर्याय दिसावा म्हणून तो शब्द येतो. परीक्षेत "योग्य पर्याय निवडा" लिहितात, मशीनवर "भाषा निवडा" येतं, तिथे कुठे काय मिसळलंय? चारही पर्याय ए बी सी डी करून सुटेच असतात. ते खपवून घेतलं तर हे का नाही.

पाऊलखुणा

पर्याय निवडा मध्ये निदान कर्म ही वस्तू आहे, दिसते, बोट ठेवता येतं. "राहणं" निवडता येत नाही. "दुसरा पर्याय दिसावा" तर मराठीत सरळ म्हणा ना, ओरडता आलं असतं पण ओरडले नाही. चार शब्द जास्त लागतील, भाडं पडत नाही त्याला.

जुनापुराणा

पाऊलखुणा, मन तुमच्याकडे आहे, कान खटपट्यांकडे. मला स्वतःला ते वाक्य बोलवणार नाही. पण णिव्वडइ म्हणजे "स्पष्ट होतो" वरून "खडे काढतो" पर्यंत शब्द आला तेव्हाही कुणीतरी म्हातारा दातात खडा आल्यासारखा तोंड करून बसला असेलच.

मुद्राराक्षस

सगळं वाचलं, उत्तम धागा, पण वर कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. निवडणूक मध्ये ण ला दीर्घ ऊ, पण निवडणुकीत, निवडणुका, निवडणुकांमध्ये लिहिताना ऱ्हस्व. शेवटून दुसरं अक्षर दीर्घ असेल आणि पुढे प्रत्यय लागला की ते ऱ्हस्व होतं. मिरवणूक-मिरवणुकीत, वागणूक-वागणुकीचा, तसंच. दर निवडणुकीत गावभर लागलेल्या फ्लेक्सवर "निवडणूकीत" बघून डोळे दुखतात. वर कुणी चुकलेलं नाही, आधीच सांगून ठेवतोय.

काळा_कोट

मुद्राराक्षस, आम्ही सरकारी नोटिसा रोज वाचतो, आमचे डोळे केव्हाच गेले.

उंधियू

सासूबाईंना हा धागा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या की नीवडेलो म्हणजे ज्याला पारखायची गरज उरली नाही असा, वापरून, काळ जाऊन, आपला आपण सिद्ध झालेला. आणि मग म्हणाल्या तुमच्या मराठीत हा शब्द नाही म्हणजे काय, तुम्ही अशा माणसाला काय म्हणता? मला पटकन सुचलं नाही. मुरलेला? कसलेला? कसलेला चालेल बहुतेक, तो पण सोन्याच्या कसाचाच ना.

जुनापुराणा

कसलेला झकास. दुसऱ्या अध्यायातल्या त्या सोन्याच्या ओवीपाशी परत नेऊन सोडलंत. सासूबाईंना नमस्कार सांगा.

मधली_सुट्टी

सगळ्यांचे खूप आभार, थिअरी गेली पण टेलर मिळाला, वाईट सौदा नाही.

भाचीला काल थोडक्यात सांगायचा प्रयत्न केला. हंस वगैरे आवडलं तिला. हेमचंद्रापाशी लक्ष उडालं. मग परत ताट घेऊन बसली आणि या वेळी नीट खडे काढले, सात निघाले, ते एका वाटीत घालून माझ्याकडे आणले. मी म्हटलं शाब्बास, निवडलेस तांदूळ. तर म्हणते, "नाही मावशी, तांदळांना मी हातपण नाही लावला. मी खडे निवडले. तांदूळ राहिले."

खटपट्या

तिच्याशी वाद घालू नका. तुकाराम तिच्या बाजूने आहे.